भट्टी निवेपर्यंत

मनीषा,

भेटायला माणसं अजून येतात. बसतात, पाण्याचा पेला हातात तसाच धरून ठेवतात आणि थोड्या वेळानं विचारतात, बाई पुण्याला नेमकं काय करायच्या. मी सांगतो, धागा करायची. मग कुणीतरी म्हणतं, म्हणजे सूतगिरणीत का? मी मान हलवतो. ती हो म्हणून हलते की नाही म्हणून, ते माझं मलाच कळत नाही. पूर्वी असं कुणी विचारलं की मी तुझ्याकडं बोट दाखवून मोकळा व्हायचो. तू मांडी घालून समोर बसायचीस आणि चहा निवून जाईपर्यंत सांगत राहायचीस. आता सगळे माझ्याकडं बघतात. मी बीडच्या कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवणारा माणूस, तरी तुझ्यासारखं मला एकदाही सांगता आलेलं नाही.

चकलांब्याला तुला बघायला आलो होतो तो दिवस मला या पंधरवड्यात फार आठवतो. ओसरीवर तुझे वडील, दोन्ही चुलते, गावची चार प्रतिष्ठित मंडळी. पोहे झाले, नाव-गाव-शिक्षण विचारून झालं. मग कुणीतरी म्हणालं, पोरं शिकलेली आहेत, बोलू द्या त्यांना दोन शब्द. आपल्याला मागच्या अंगणात पाठवलं. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात तू विचारलंस, पेन्सिलीतलं शिसं आणि हिरा दोन्ही कार्बनच, हे पोरांना सांगता का? मी म्हणालो, सांगतो की, रचना वेगळी असते, शिशात थरावर थर असतात, ते एकमेकांवरून घसरतात म्हणून कागदावर उमटतं.

"आणि त्यातला एकच थर सुटा काढला, तर त्याच्याइतकं बळकट दुसरं काही सापडत न्हाई, हे सांगता?"

मी म्हणालो, पुस्तकात नाही ते.

"पुस्तकात न्हाई म्हणून सांगत न्हाई?"

तू हे चिडून म्हणाली नव्हतीस. तुला खरंच नवल वाटलं होतं. परतताना जीपमध्ये आईनं विचारलं, पोरगी काय म्हणत होती एवढा वेळ? मी म्हणालो, शिकवत होती. आई मग म्हणाली, शिकवणारी बरी, रडणारी नको.

त्या सुट्या थराला ग्राफीन म्हणतात, एवढं मी तेव्हा ऐकून होतो. त्याचा धागा काढता येतो हे तुझ्याकडून कळलं. लग्नानंतर तू पीएचडी केलीस, मग पुण्याच्या प्रयोगशाळेत लागलीस. पहिल्यांदा तू मला तिथं नेलंस तेव्हा मला वाटलं होतं काहीतरी झगमगीत बघायला मिळेल. तू दाखवलंस एक बाटलीभर काळं पाणी, काकवीसारखं घट्ट. म्हणालीस, यात ते पापुद्रे तरंगतायत, लाखांनी. मग ते बारीक सुईतून क्षाराच्या पाण्यात सोडलंस. सुईच्या तोंडाशी ते आळलं आणि केसासारखी एक काळी रेघ होऊन पुढं सरकायला लागलं. तू चिमट्यानं तिचं टोक उचलून रिळावर चढवलंस. तोंडानं श्वास घेत होतीस, जीभ दातांत धरलेली. धागा मध्येच तुटला. तू परत टोक उचललंस. परत तुटला. मला वाटलं आता वैतागशील, पण तू माझ्याकडं न बघताच म्हणालीस, "तुमी बाहेर चहा घेऊन या. तुमी बघताय म्हणून तुटतोय."

हा धागा वाळवायचा आणि मग भट्टीत घालायचा. भट्टी कसली, तर लोखंड सोड, जवळपास काहीच जिथं टिकत नाही इतकी तापणारी. आतली सगळी हवा काढून तिथं आरगॉन वायू भरायचा, कारण हवेचा कण राहिला तर धाग्याची राख. त्या आगीत पापुद्र्यांवरची छिद्रं बुजतात, ते एकमेकांशी सांधले जातात आणि धागा उष्णता वाहून न्यायला शिकतो. 'शिकतो' हा तुझाच शब्द. तांब्यापेक्षा भरभर नेईल, म्हणायचीस, आणि वजनाला कापसासारखा.

मी विचारलं होतं, ह्याचं करायचं काय? तर तू मला तुझ्या भावाच्या शेतातला डबा दाखवायला चकलांब्याला घेऊन गेलीस. सौर पंपाचा डबा. सकाळी पंप बरा चालायचा आणि ऊन ऐन भरात आलं, म्हणजे जेव्हा पाणी सगळ्यात जास्त यायला हवं, तेव्हाच आतली यंत्रणा तापून बंद पडायची. तुझ्या भावानं त्या डब्यावर ओलं पोतं टाकलं होतं. तू पोतं उचललंस, हात लावलास आणि पटकन मागं घेतलास. म्हणालीस, आतली उष्णता बाहेर काढायला रस्ता नाही, एवढंच दुखणं आहे. रस्ता करायचा. जगात कुणी विमानासाठी करतंय, कुणी मोबाइलसाठी. मी ह्या डब्यासाठी करते. भाऊ म्हणाला, ताई, तवर पोतं राहू देऊ का? तू हसलीस आणि म्हणालीस, राहू दे, लई दिवस लागतील.

लई दिवस लागलेच. तू पुण्यात, मी बीडमध्ये. शनिवारी तू यायचीस, रविवारी जायचीस. काम वाढलं तसं तेही जमेना, तेव्हा आपण आष्टीला भेटायला लागलो. तू पुण्याहून, मी बीडहून. स्टँडसमोरच्या त्या हॉटेलात शेवभाजी आणि बाजरीची भाकरी, दोन-तीन तास, की आपापल्या गाड्या. हॉटेलवाल्याला वाटायचं आपली कोर्टात तारीख चालू आहे. तू दर वेळी कुरकुरायचीस की आष्टी हे मधलं गाव नाहीच, तुमच्याकडं झुकतंय, मला दुप्पट यावं लागतं. मी म्हणायचो, नगरला भेटू. तू म्हणायचीस, नको, आष्टीपासून आपला जिल्हा लागतो, तिथं उतरलं की घरी आल्यासारखं वाटतं.

आणि मग भांडण. तू म्हणायचीस, तुमी पुण्याला या. मी म्हणायचो, आईला कोण बघणार? ती बीड सोडायची नाही. तू म्हणायचीस, मग मी यावं का? इथं ती भट्टी हाय का? मी म्हणायचो, मी ये म्हणालो का? तू म्हणायचीस, तेच तर. तुमी ये बी म्हणत न्हाई, येतो बी म्हणत न्हाई. इथवर आलं की आपण दोघंही भाकरीकडं बघत बसायचो. भांडणात चूक कुणाचीच नव्हती, म्हणून ते कधी संपलं नाही.

त्याच टेबलावर तू मला तुझं दुसरं भांडण सांगितलंस, प्रयोगशाळेतलं. मोठ्या पापुद्र्यांचा धागा उष्णता छान नेतो, पण त्यांच्यामध्ये फटी राहतात आणि तो लवकर तुटतो. बळकट करायला जावं तर उष्णतेचा रस्ता बिघडतो. तुमचे प्रमुख म्हणत होते, दोन वेगळे धागे करू, एक ताकदीचा, एक उष्णतेचा. तुला ते मान्य नव्हतं. तू भाकरीचे मोठे तुकडे ताटात पसरलेस, मग बोटानं चुरा करून त्यांच्यामधल्या फटींत भरलास. म्हणालीस, मोठ्यांत थोडे बारीक मिसळायचे. फट राहणार न्हाई, मग ताकद बी येईल आणि उष्णतेला उडी बी मारावी लागणार न्हाई. एकाच धाग्यात दोन्ही. मी म्हणालो, आणि बारीक जास्त झाले तर? तू म्हणालीस, तर नुसता चुरा. म्हणून तर किती घालायचे त्याच्यावर डोकं फोडतेय.

या मे महिन्यातली गोष्ट. प्रयोगशाळेला सुट्टी होती, तू आठवडाभर घरी होतीस. आईचं नेहमीचं चालू होतं, की एवढं काय आहे त्या पुण्यात, कशापायी एवढी वणवण करायची. तू वाद घातला नाहीस. फ्रिजमधून बर्फाचा तुकडा काढलास, ताटलीत ठेवलास आणि तुझ्या पर्समधल्या डबीतून धाग्यांची एक जुडी काढलीस, बोटभर लांबीची, काळी, चमकणारी. आईच्या चिमटीत तिचं एक टोक दिलंस आणि म्हणालीस, आत्या, दुसरं टोक बर्फाला लावा. आईनं लावलं. लगेच तिनं चिमूट सोडली. परत धरली. परत सोडली.

"गार लागतंय," आई म्हणाली. "बर्फ तिकडं हाय अन् हात माझा इकडं."

तू म्हणालीस, हातातली उष्णता त्याच्यातून पळत पळत बर्फात गेली, म्हणून. आईनं खाली बघितलं. धागा टेकला होता तिथं बर्फाला बारीक खाच पडली होती. तिनं ती जुडी उजेडाला धरून उलटीसुलटी करून पाहिली. हे तू केलंस? तू मान डोलावलीस. हातानं? हातानंच. आई बर्फ वितळून ताटलीत पाणी होईपर्यंत तोच खेळ करत बसली. संध्याकाळी तू मंडईत गेलीस तेव्हा ती मला म्हणाली, "दिगू, तूच जा तिच्याकडं. माझं मी बघते. शेजारीपाजारी हायेत, मी काय कुकुलं बाळ हाय का."

तुला मी लगेच काही सांगितलं नाही. कॉलेजात रजा मिळेल की नाही याचीच खात्री नव्हती. बिनपगारी दीर्घ रजेचा अर्ज केला. पहिलं सत्र संपल्यावर, दिवाळीनंतर जा, असं प्राचार्य म्हणाले. मंजुरी हातात आली तेव्हा गणपती नुकतेच उठले होते. म्हटलं, फोनवर नको. आष्टीला भेटू तेव्हा समोर बसून सांगावं. तुझा चेहरा बघायचा होता मला.

त्याच दिवसांत तुलाही घाई होती. तुझ्या बारीक-मोठ्या मिसळलेल्या धाग्याला भट्टीची एकच पाळी मिळणार होती. ती भट्टी अनेकांची. साधलं तर काम पुढं, नाही साधलं तर प्रमुख म्हणतात तसे दोन धागे. तू फोनवर म्हणालीस, आष्टी पुढच्या आठवड्यात. अंगात थोडी कणकण आहे, पण भट्टी लावून मगच झोपेन. तू भट्टी लावलीस आणि दुसऱ्या दिवशी तुला दवाखान्यात ठेवल्याचा निखतचा फोन आला. निखत, तुझ्याबरोबर काम करणारी, आपल्याच अंबाजोगाईची. डेंग्यू, म्हणाली, पण घाबरू नका सर, बोलतायत.

मी पोचलो तेव्हा तू खरंच बोलत होतीस. हाताला सलाईन, ओठ सुकलेले. मला बघितल्यावर पहिला प्रश्न, "भट्टी निवली का?"

मी निखतला विचारलं. ती म्हणाली, अजून नाही, उद्यापर्यंत लागेल. तू म्हणालीस, घाई करू नका म्हणावं. गरम असताना उघडली तर हवा शिरेल आणि सगळं जळून जाईल. मी म्हणालो, नाही करत कुणी घाई. तू डोळे मिटलेस. मला वाटलं, आता सांगावं रजेचं. मग वाटलं, ताप उतरू दे, नीट ऐकण्याच्या स्थितीत असू दे. तू डोळे न उघडता विचारलंस, "तुमी जेवलात का?" मी म्हणालो, जेवतो. तू म्हणालीस, "जेवून या. मी हाय."

मी खाली जाऊन दोन घास खाल्ले. वर आलो तेव्हा तुला आयसीयूत हलवत होते. रक्तस्राव सुरू झाला, दाब उतरला, असं काहीबाही डॉक्टर सांगत होते. मी बारावीच्या मुलांना रक्तातले घटक शिकवणारा नव्हे, पण मला सगळे शब्द समजत होते आणि एकही समजत नव्हता. त्यानंतर तू बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस. भट्टी तेव्हाही पुरती निवलेली नव्हती.

तुला चकलांब्याला न्यावं असं तुझ्या भावाचं म्हणणं होतं, बीडला आणावं असं आईचं. दोघंही माझ्याकडं बघत होते. आम्ही तुला बीडला आणलं. आईनं तुझ्या कपाळावर हात ठेवला आणि काढलाच नाही. शेवटी बायकांनी तिचा हात धरून उचलला.

तेराव्यानंतर निखत आली. आधी आईजवळ बसली, मग माझ्याकडं येऊन म्हणाली, सर, भट्टी उघडली त्या दिवशी आमच्यापैकी कुणाची हिंमत होत नव्हती. मीच उघडली. धागे शाबूत होते. ताण देऊन बघायच्या यंत्रावर पहिले काही तुटले. मला वाटलं संपलं. मग लक्षात आलं, चिकटवताना माझा हात थरथरत होता, त्यानं तुटले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलानं लावले. ते तुटेचनात. आजवर आमच्याकडं झालेल्या कुठल्याही धाग्यापेक्षा जास्त ताण त्यांनी घेतला. आणि उष्णता मोजली, तर तीही जास्त. निखत म्हणाली, "एकाच धाग्यात दोन्ही, सर. मॅडमचं खरं निघालं." प्रमुखांनी ते आकडे तीनदा मोजून घेतले म्हणे, आणि मग खोलीचं दार लावून बसले. आता ते काम पुढं चालणार. तुझ्या भावाच्या डब्यापर्यंत पोचायला अजून पुष्कळ अवकाश आहे, हेही निखतनं प्रामाणिकपणे सांगितलं. हातभर धागा करणं वेगळं आणि रिळंच्या रिळं करणं वेगळं.

ती गेल्यावर मी तुला सांगायला म्हणून फोन हातात घेतला. खरंच घेतला. तुझं नाव काढलं, आणि मग काय करतोय ते लक्षात आलं. मनीषा, चांगली बातमी सांगायला माणूस नसणं हे वाईट बातमीपेक्षा जड जातं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुःखात सोबत करायला सगळं गाव आलं. ह्या आनंदात मी एकटा.

परवा तुझ्या खोलीतलं सामान आणायला पुण्याला निघालो. आई म्हणाली, मी बी येते. मी म्हणालो, एवढा प्रवास तुला झेपायचा नाही. ती म्हणाली, मला ती भट्टी बघायचीय. आणि पिशवी भरून दारात उभी राहिली. जी बीड सोडणार नाही म्हणून आपण एवढी वर्षं भांडलो, ती आई.

गाडीत तिला खिडकी दिली. जामखेडच्या पुढं ती अचानक म्हणाली, तुझ्या रजेचं मनीला ठाऊक होतं. मी म्हणालो, कसं काय? म्हणाली, तुझा कागद आला त्याच दिवशी मी फोनवर बोलून गेले. माझ्या तोंडात काय राहतंय. मी विचारलं, मग ती काय म्हणाली? आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, हसली. लई वेळ हसत होती.

"मला म्हणली, आत्या, मला कळलंय हे त्यांना सांगू नका. त्यांना सांगू द्या. मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करीन."

म्हणजे त्या दवाखान्यात तू डोळे मिटून पडली होतीस तेव्हा वाट बघत होतीस. मी ताप उतरण्याची वाट बघत होतो आणि तू माझी. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. उलट कुठंतरी निवल्यासारखं झालं. तुला ठाऊक होतं. मी येणार हे ठाऊक असलेली अशी तू गेलीस. फक्त तुझं ते खोटं नवल, डोळे मोठे करून 'काय सांगता' म्हणणं, ते मला बघायला मिळालं नाही. ते मला हवं होतं गं. अजून हवंय.

प्रयोगशाळेत निखतनं आईला भट्टी दाखवली. आईनं विचारलं, हात लावू का? निखत म्हणाली, लावा, बंद आहे. आईनं तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग निखतला विचारलं, तू जेवलीस का गं? हडकलीयस. निखत तिच्या गळ्यात पडून रडली. मी बाहेर आलो.

समोर कडुलिंबाखाली एक बाक आहे. आई थोड्या वेळानं तिथं येऊन बसली. तुझं सामान दोन पिशव्यांत मावलं होतं, त्या पायाशी होत्या. संध्याकाळ होत आली, कामाची वेळ संपली. माणसं बाहेर पडायला लागली. कुणी फोनवर बोलत, कुणी गाडीची किल्ली शोधत, एक मुलगी केस सोडून परत बांधत. तू कधी बाहेर पडायचीस, दारात थांबून आधी काय करायचीस, कुठल्या बाजूला वळायचीस, मला काही माहीत नव्हतं. आजवर मी इथं या वेळी कधी बसलोच नव्हतो. शेवटी निखत आली, तिनं कुलूप लावलं, आम्हाला हात केला आणि गेली.

आईनं पिशवी उचलली. म्हणाली, चल, आता कोण यायचं राहिलंय?

मी म्हणालो, "बस थोडं."

ती बसली.